बावीस घरांचं दही

परीक्षेच्या बाबतीत गोरक्षपेक्षा त्याचं पोट जास्त हुशार होतं. डिप्टीसाहेब शाळा तपासायला कधी येणार, फळ्यापाशी कुणाला उभं करणार, हे त्याला आधी कळे. आधी बेंबीपाशी बारीक कळ येई, मग कुणी कोरड्या विहिरीत धोंडा टाकावा तसा आवाज होई आणि गोरक्ष करंगळी वर करून दाराकडे धावे. कोपऱ्यातलं टमरेल त्याच्याच वाटणीचं आहे, असं पहिलीतली पोरंसुद्धा धरून चालत. कधी याच्या उलट होई. तीन-तीन दिवस पोट रुसून बसे आणि चौथ्या दिवशी, नेमकं कविता म्हणायच्या वेळी, सगळा रुसवा एकदम निघे.

पुणतांब्यापासून दोन कोसांवर, गोदावरीच्या काठाला, तेवीस घरांची ती वाडी होती. वाडीचं दैवत नाथ, त्यामुळे नवनाथांपैकी निम्मे तरी तिथं मोटा हाकताना दिसत. गोरक्षच्या बापाचं नाव मच्छिंद्र. नाथांच्या गोष्टीत मच्छिंद्र गुरू आणि गोरक्ष शिष्य. पण या घरात गुरूचा शिष्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"ह्याचं पोट मोट दिसली की दुखतं," मच्छिंद्र म्हणायचा. "जेवायला बसल्यावर कसं गप ऱ्हातं?"

"पोराला नजर लागलीय," राहीबाई, गोरक्षची आई, म्हणायची आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची.

हिंग झाला, ओवा झाला, बेलाचा मुरंबा झाला. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट सगळीकडून दाबून पाहिलं आणि सांगितलं, "आत काही बिघाड नाही. आतडी हळवी आहेत, एवढंच. जपून राहायचं." हळवी आतडी हे दुखणं मच्छिंद्रला पटेना. त्याच्या मते हळवं असावं ते लवकर पिकणारं भाताचं बियाणं.

गोरक्षवर विश्वास ठेवणारा माणूस एकच, शाळेचे दानीएल मास्तर. पन्नाशी उलटलेले, अंगात बंद गळ्याचा कोट, मुलांवर आवाज चढवायचा म्हणजे त्यांना आधी खोकला येई. एका दुपारी त्यांनी गोरक्षला शाळेमागच्या लिंबाखाली बसवलं आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "केव्हा केव्हा होतं रे? काय खाल्ल्यावर होतं?"

असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. गोरक्षनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "पर मास्तर, कुनाला सांगू नका. पोरं आदीच नाव ठिवत्यात."

"नाही सांगणार."

महिनाभर मास्तरांनी त्याच्या खाण्यापिण्यावर नजर ठेवली. दूध आणि दही पोटात गेलं की दुसऱ्या दिवशी हमखास फजिती, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते गोरक्षनं घरी कळू न देता बंद केलं. सकाळी जिऱ्याचं पाणी, मऊ भाकरी, सावकाश चावणं. भीतीच्या कळेवरही त्यांनी एक उपाय काढला.

"हे बघ," ते म्हणाले, "पोटाला भूक कळते, भीती कळते. गणित मात्र कळत नाही. कळ आली की मनात पावकी म्हण: एक पाव पाव, दोन पाव अर्धा. सावकाश, बोटं मोजत. पोट बुचकळ्यात पडतं."

"आन् पावकी संपली तर?"

"मग निमकी. मग औटकी. साडेतीनच्या पाढ्यापर्यंत टिकलेली कळ मी अजून पाहिली नाही."

उपाय चालला. पहिल्यांदा गोरक्ष एका जागी अर्धा तास टिकला, मग तास, मग दोन. पण त्याला टिकायचं होतं तीन तास. चैत्रात नगरला फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा होती. पास झाला तर मास्तरकी आणि नापास झाला तर मोट, हे मच्छिंद्रनं ठरवूनच टाकलं होतं. गोरक्षला मास्तर व्हायचं होतं. पहिलीतल्या पोरांना बाराखडी शिकवताना त्याचं पोट कधी दुखत नसे, हे त्यानं स्वतःच हेरलं होतं. पण परीक्षेच्या त्या केंद्रावर नियम असा की, एकदा बाहेर गेलेला उमेदवार परत आत यायचा नाही. निघायच्या आठवड्यात गोरक्ष लिंबाखाली दोन तास चाळीस मिनिटं बसला.

"उरलेली वीस मिनिटं देवावर सोडू," दानीएल मास्तर म्हणाले.

पण त्या वीस मिनिटांत देवाच्या आधी गाव आडवं आलं.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी वाडीतला कानिफनाथ फायनलला बसला आणि नापास झाला. वाडीचा तो पहिलाच उमेदवार. तो नापास का झाला, याची पारावर रीतसर चौकशी झाली. त्याला भूमितीतलं काहीही येत नव्हतं, हे कारण कुणी विचारातच घेतलं नाही. चौकशीअंती निष्पन्न झालं ते हे, की गाडी चुकेल म्हणून कानिफनाथ धावत गेला आणि त्याच्या हातावर दही ठेवायचं राहिलं. तेव्हाच आक्काबाईंनी सगळ्या वाडीला बजावलं होतं, "पुढल्या खेपंला एक बी घर चुकायचं न्हाई. घरटी दही!"

आक्काबाईंचा शब्द म्हणजे वाडीचा कायदा. वाडीतल्या बहुतेक सगळ्यांच्या जन्माला त्या हजर होत्या, त्यामुळे त्यांना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती.

निघायच्या सकाळी गोरक्ष पिशवी घेऊन उंबऱ्यावर आला आणि तिथंच थबकला. अंगणात ओळ लागली होती. प्रत्येकीच्या हातात वाटी. लढाईचे दिवस, साखर रेशनवर. म्हणून दह्यात गूळ कालवलेला. आक्काबाईंनी तर मुहूर्ताचं म्हणून चार दिवस आधीच विरजण लावलं होतं. त्या दह्याचा आंबूस वास वाटीच्या आधी येऊन पोहोचला.

राहीबाईनं पहिला चमचा हातावर ठेवला. आईचं दही, नाही कसं म्हणायचं? गोरक्षनं ते जिभेला लावलं. पोटात लगेच कुणीतरी कूस बदलली.

"घे की रं, हात कर पुढं," आक्काबाई म्हणाल्या. "बावीस घरं हायती अजून."

गोरक्षनं मास्तरांकडं पाहिलं. दानीएल मास्तर अंगणाच्या कडेला छत्री घेऊन उभे होते. खरं सांगावं तर पोराला शब्द दिलेला. नको म्हणावं तर अपशकुन. दारातलं दही नाकारून गेलेला पोरगा नापास झाला असता, तर वाडीनं शाळाच बंद केली असती. मास्तरांना खोकला आला. आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोललेले ते गृहस्थ दोन पावलं पुढं आले.

"आक्काबाई, एक सांगू का? शिष्याचं दही गुरूच्या हातावर ठेवलं, की दुप्पट पावतं."

"व्हय? कुठं लिव्हलंय?"

"जुनी रीत आहे," मास्तर म्हणाले आणि आकाशाकडं बघून मनातल्या मनात क्षमा मागितली.

आक्काबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "दुप्पट पावतं, तर मग दोन-दोन चमचं वाढा गं! कंजुषी करू नगा. पोराच्या जल्माचा सवाल हाय!"

बावीस घरं, घरटी दोन चमचे. मास्तर प्रत्येकीसमोर हात करत होते, "देव बरं करो" म्हणत होते आणि हात चाटत होते. आक्काबाईंचं दही खाताना त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. मच्छिंद्र कौतुकानं बघत म्हणाला, "मास्तर, तुमचं पोट मातर पोलादी हाय. ह्याला जरा शिकवा!"

बैलगाडी पुणतांब्याच्या स्टेशनात पोहोचेपर्यंत मास्तर बरे होते. सकाळच्या पॅसेंजरमध्ये जागा मिळाली, तेव्हाही ठीक होते. चितळी गेल्यावर त्यांनी बोलणं थांबवलं. बेलापूर स्टेशनावर त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. गाडी हलली आणि गोरक्षला तो ओळखीचा आवाज ऐकू आला. विहिरीत धोंडा पडल्याचा.

सवयीनं त्यानं आपल्या पोटावर हात ठेवला. पोट गप्प होतं.

"मास्तर?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. कपाळावर घाम होता. "जरा... मोरी कुठल्या बाजूला आहे रे?"

मोरी डब्याच्या टोकाला होती. पण तिच्या दारापुढं गुळाच्या ढेपांची चळत होती आणि चळतीवर ढेपांचा मालक पागोटं उशाला घेऊन घोरत होता. गोरक्षनं त्याला हलवलं. तो या कुशीचा त्या कुशीवर झाला.

"अहो शेठ, उठा. दार उघडायचंय."

"राहुरीला उतरवनार हाय माल," शेठ डोळे न उघडता म्हणाले. "तवर दम धर."

गोरक्ष परत आला. मास्तरांचा चेहरा दह्यासारखाच झाला होता. आजवर असा चेहरा त्यानं फक्त शाळेच्या पाण्याच्या पिंपात, स्वतःचाच, पाहिला होता. त्याला एकदम पुढचं सगळं कळलं: आता कळ येईल, मग ओसरेल, मग पुन्हा मोठी येईल, हात कुठं धरायचा, मान किती वाकवायची. या विषयात त्या डब्यात त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

"मास्तर, पाय पोटाशी घ्या. खिडकीतनं लांबचं झाड बघा. आन् म्हना, एक पाव पाव."

"मला शिकवतोस?" मास्तर कण्हत म्हणाले.

"तुमीच म्हनला हुता, पोटाला गनित येत न्हाई. म्हना."

"एक पाव पाव," मास्तर म्हणाले. "दोन पाव अर्धा. तीन पाव... अगं आई गं..."

"तीन पाव पाऊन. आईला मधी आनू नका. चार पाव एक."

मास्तरांचा आवाज मुळात शाळेचा; कळ आली की तो चढे. पावकी संपून निमकी सुरू झाली तेव्हा समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं पुटपुटत साथ धरली. त्याला वाटलं, भजन आहे. औटकी निघाली तेव्हा शेजारच्या दोन बाया आणि एक पोस्टमन म्हणू लागले होते. "बे औटे सात! तीन औटे साडेदहा!" डबा घुमू लागला. त्या गलक्यानं ढेपांवरचे शेठ जागे झाले. पाढे हा त्यांच्या रोजच्या व्यवहारातला विषय; कुणीतरी "सात औटे पंचवीस" म्हणालं, ते त्यांना सहन झालं नाही.

"साडेचोवीस!" शेठ ओरडून उठून बसले आणि तावातावानं खाली उतरले. "कुनी शिकिवलं रं तुमाला?"

तेवढ्यात गोरक्षनं दोन ढेपा बाजूला सारल्या आणि मास्तर, पन्नाशी उलटलेला माणूस उडी मारत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी पाहायला हवं होतं, तिसऱ्या ढेपेवरून मोरीत गेले.

नगरला उतरल्यावर गोरक्षनं मास्तरांना धर्मशाळेत निजवलं, जिऱ्याचं पाणी उकळून आणलं, मऊ भात मागून आणला. "सावकाश चावा," असं तो तीनदा म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याच्या ध्यानातच आलं नाही की उद्या परीक्षा आहे. ध्यानात आलं तेव्हा पोटात एक बारीक कळ आली. पण मास्तर पुन्हा टमरेल शोधत होते, ते देण्याच्या गडबडीत ती कळ तशीच मागं राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला गणिताचा पेपर हातात पडला. गोरक्षची जागा खिडकीपाशी होती. बाहेर पटांगणात लिंबाचं झाड आणि झाडाखाली दानीएल मास्तर, शेजारी छत्री आणि टमरेल. त्यांना धर्मशाळेत झोपा म्हटलं होतं, ते ऐकेनात. "वीस मिनिटं देवावर सोडलीत," ते म्हणाले, "निदान जवळ तरी बसतो."

पहिलं उदाहरण वाचलं आणि पोटात धोंडा पडला. गोरक्षनं पावकी सुरू केली. पोट बुचकळ्यात पडेना. त्यालाही आता पावकी पाठ झाली असावी. पाठोपाठ दुसरी कळ आली. त्यानं दाराकडं पाहिलं. दार दहा पावलांवर होतं. दाराच्या पलीकडं मोट होती.

मग त्यानं खिडकीतून पाहिलं. मास्तर झटकन उठले, टमरेल उचललं, पाच पावलं गेले, थांबले, परत येऊन बसले. ओठ हलत होते. एकेक बोट दुमडत होतं.

"पाय पोटाशी घ्या," गोरक्ष मनात म्हणाला. "मान खाली. हां. निमकीवर या आता." मास्तर खरंच मान खाली घालून बसले. गोरक्षला बरं वाटलं. त्यानं एक उदाहरण सोडवलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. मग दुसरं सोडवलं. तास गेला, सव्वा तास गेला.

सुपरवायझर साहेब मागून येऊन खिडकीपाशी उभे राहिले. त्यांनी गोरक्षकडं पाहिलं. गोरक्ष बाहेर बघत होता. त्यांनी बाहेर पाहिलं. झाडाखाली एक म्हातारा माणूस खिडकीकडं तोंड करून ओठ हलवत होता आणि बोटांनी आकडे दाखवत होता.

"उभा राहा!" साहेब गरजले. "तो माणूस कोण?"

वर्गातल्या चाळीस माना वळल्या.

"आमचे मास्तर हायती, साहेब."

"बोटांनी उत्तरं सांगताहेत?"

"न्हाई साहेब. ते... ते पाढे म्हनत्यात."

"म्हणजे उत्तरंच! पेपर इकडं दे."

साहेबांचा हात पेपरावर आला. आता खरं सांगण्यावाचून मार्ग नव्हता. सात वर्षांत जे त्यानं एकट्या मास्तरांना सांगितलं होतं, ते त्या चाळीस जणांपुढं, नगर शहरात, उभ्यानं सांगावं लागणार होतं. गोरक्षनं डोळे मिटले.

"साहेब, त्यांचं पोट बिघडलंय. पोटात कळ आली की पावकी म्हनायची, मंजी परसाकडं जरा दमानं जाता येतं. ही युक्ती माज्यासाठी काढलीती. रोग माजा हाय. ते दही माजं हुतं, ते त्यांनी खाल्लं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन् हसलं. साहेबांनी हे सगळं एखाद्या अवघड वाक्यासारखं मनात पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग खिडकीतून वाकून विचारलं, "अहो गृहस्थ! काय म्हणताय तुम्ही?"

दानीएल मास्तर दचकून उभे राहिले. "नऊ औटे साडेएकतीस, साहेब," ते नम्रपणे म्हणाले, "आणि... आलोच!" टमरेल उचलून छत्री तिथंच टाकून ते पटांगणाच्या कडेच्या निवडुंगाकडं असे धावले, की कुठल्याही चौकशी समितीला आणखी पुरावा लागला नसता.

साहेबांनी पेपर परत गोरक्षपुढं ठेवला. "लिही," ते म्हणाले. मग थोडं खाली वाकून, आवाज अगदी बारीक करून त्यांनी विचारलं, "पावकीनं खरंच थांबतं का रे?"

"थांबत न्हाई साहेब," गोरक्ष म्हणाला, "पर वाट बघतं."

साहेब मान हलवत पुढं गेले. दाराजवळच्या खुर्चीत बसल्यावर त्यांची बोटं एकेक करून दुमडत होती, असं गोरक्षला वाटलं. पण तो पेपरात गढून गेला होता. दोनचा ठोका पडला तेव्हा तो पूर्ण तीन तास बसला होता. पोटाचं काय झालं, हे विचारायला त्याला सवडच झाली नव्हती.

निकाल आला. गोरक्ष पास झाला, गणितात तर फारच चांगला. वाडीनं पुन्हा पारावर बसून कारणमीमांसा केली आणि एकमतानं निकाल दिला: दही. "दुप्पट पावलं," आक्काबाई म्हणाल्या. "मास्तरांनी सांगितलंच हुतं." मच्छिंद्रनं पेढ्याऐवजी गूळ वाटला आणि पोराला म्हणाला, "बगितलं? मास्तरांच्या पोटाची जरा हवा लागली, तर सुदारलास." गोरक्षनं आणि मास्तरांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

जूनपासून गोरक्ष त्याच शाळेत दुय्यम मास्तर झाला. पोट काही सुधारलं नाही. डिप्टीसाहेब यायचे असले की ते अजूनही आधी त्यालाच कळवी. पण वर्गात करंगळी वर झाली, की त्यानं कधी कुणाला "आत्ताच कसं लागलं?" म्हणून विचारलं नाही.

पुढच्या चैत्रात वाडीतल्या रंगनाथचा पोरगा राधाकृष्ण फायनलला निघाला. आदल्या दिवशी तो शाळेमागं आला आणि लिंबाच्या खोडाकडं बघत म्हणाला, "गुर्जी, एक सांगू का? कुनाला सांगू नका. परीक्षा म्हनलं की माजं पोट..."

"दही चालतं का?" गोरक्षनं विचारलं.

राधाकृष्णनं मान हलवली. नाही.

सकाळी रंगनाथच्या अंगणात ओळ लागली होती. वाटीवर वाटी. सगळ्यांत पुढं आक्काबाई; या खेपेला विरजण पाच दिवसांचं होतं. राधाकृष्ण उंबऱ्यावर पांढराफटक उभा होता. गोरक्षनं आशेनं शेजारी पाहिलं. दानीएल मास्तर छत्रीवर दोन्ही हात ठेवून निवांत उभे होते. त्यांना खोकला आला नाही.

"मास्तर?" गोरक्ष कुजबुजला.

"मी त्याचा गुरू नाही," मास्तर म्हणाले. "गणित तू शिकवलंस."

"पर माजं पोट तुमाला ठावं हाय!"

"ठाऊक आहे ना. म्हणूनच म्हणतो, तुझ्याइतका सराव दुसऱ्या कुणाला नाही." मास्तरांनी कोटाच्या खिशातून जिऱ्याची पुडी काढून त्याच्या डाव्या हातात ठेवली. "टमरेल गाडीत ठेवलंय."

"गुरूचा हात कुठाय?" आक्काबाईंनी हाळी दिली. "दोन-दोन चमचं, बायांनो!"

गोरक्षनं राधाकृष्णच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. मग उजवा हात पुढं केला आणि मनात सुरुवात केली: एक पाव पाव.